नागरिकत्वाची परीक्षा : शिकवण्यासाठी की गाळण्यासाठी?

भूम : परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाचा फोन येतो. ख्यालीखुशाली झाली की तो सांगतो, "पुढच्या महिन्यात सिटिझनशिपची परीक्षा आहे, दुआ करा." इकडे ओट्यावर बसलेल्या माणसाला प्रश्न पडतो, नागरिक व्हायला परीक्षा कसली? आपण तर एकही पेपर न देता नागरिक झालो!

खव्याच्या भट्ट्यांसाठी ओळखला जाणारा आपला भूम तालुका तसा लहान. पण इथली मुलंही आता शिक्षणासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात आणि तिथून काही जण पुढे देशाबाहेर जातात. काही तिथेच स्थायिक होतात, निकाहनंतर बायकोला बोलावून घेतात, कधी म्हाताऱ्या आईवडिलांनाही. त्या प्रत्येकाच्या वाटेत केव्हातरी ही परीक्षा येते. ती न्याय्य आहे का? तिचा काही उपयोग होतो का? की माणसं गाळायची ती एक चाळणी आहे? कोणत्या देशात काय विचारतात, हा प्रकार आला कुठून आणि भारतातला कायदा काय सांगतो, याची माहिती या लेखात घेऊ.

परीक्षेत नेमकं काय असतं?

लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पहिली भाषेची परीक्षा. दुसरी देशाचा इतिहास, कायदा, सरकार यांच्या माहितीची परीक्षा. तिसरी चारित्र्याची चौकशी आणि निष्ठेची शपथ. या लेखाचा विषय मुख्यतः दुसरी परीक्षा आहे. पण ती बहुतेक वेळा त्या देशाच्याच भाषेत द्यावी लागते, त्यामुळे पहिली आपोआप तिच्यात येते.

अमेरिकेत ही परीक्षा तोंडी असते. २००८ पासूनच्या पद्धतीत १०० प्रश्नांची यादी आधीच जाहीर असायची. अधिकारी त्यातले जास्तीत जास्त १० विचारायचा आणि ६ बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली. आता २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. इंग्रजी वाचून आणि लिहून दाखवावं लागतं ते वेगळं. नापास झाल्यास त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते.

ब्रिटनमध्ये 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा २००५ मध्ये सुरू झाली. संगणकावर २४ प्रश्न, ४५ मिनिटं, पास व्हायला १८ उत्तरं बरोबर आणि फी ५० पौंड. नापास झालात तर पुन्हा देता येते, पण दर वेळी पुन्हा फी. कायमच्या वास्तव्याचा परवाना घेतानाच ती लागते. १८ ते ६४ वयाच्या लोकांना ती आहे, ६५ नंतर माफ.

कॅनडात १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला २० प्रश्न असतात, १५ बरोबर यावे लागतात. अभ्यासाची पुस्तिका सरकार फुकट देतं. जर्मनीत सप्टेंबर २००८ पासून ३३ प्रश्न विचारतात, १७ बरोबर आले की पास. फी २५ युरो आणि सगळे प्रश्न आधीच जाहीर. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २००७ पासून २० प्रश्न आहेत. नोव्हेंबर २०२० पासून त्यातले ५ प्रश्न 'ऑस्ट्रेलियन मूल्यां'वर असतात आणि त्या पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर यावीच लागतात.

आपले सर्वांत जास्त लोक ज्या आखाती देशांत कामाला जातात, तिथे हा प्रश्नच नाही. तिथे वीस-तीस वर्षं घाम गाळला तरी साध्या कामगाराला नागरिकत्वाची नेहमीची वाट उपलब्ध नसते. हेही ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण परीक्षा असते तिथे निदान दार तरी असतं.

परीक्षा हवी म्हणणाऱ्यांचं काय म्हणणं आहे?

त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. नागरिक झालेला माणूस मत देणार, कायदे करणारे निवडणार. मग सरकार कसं चालतं, आपले हक्क कोणते, पोलिसांनी अडवलं तर काय करता येतं, हे त्याला माहीत असावं, ही अपेक्षा रास्त आहे.

भाषेचंही तसंच. नवऱ्याबरोबर परदेशी गेलेल्या बाईला तिथली भाषा आली तर ती एकटी दवाखान्यात जाऊ शकते, मुलांच्या शाळेत बोलू शकते, घरात त्रास झाला तर मदत मागू शकते. भाषा आली नाही तर प्रत्येक गोष्टीला नवरा किंवा मुलगा लागतो. भाषा शिकण्याचा आग्रह तिच्या फायद्याचा असू शकतो.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लेखी नियम आणि जाहीर प्रश्न नसतील तर निर्णय कोणाच्या तरी मर्जीवर जातो. स्वित्झर्लंडमधलं एमेन गाव याचं उदाहरण आहे. तिथे परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायचं की नाही यावर गावकरी चक्क गुप्त मतदान करायचे. मार्च २००० मध्ये ५६ जणांच्या अर्जांवर मतदान झालं. पास झाले फक्त ८, आणि ते सगळे इटलीचे. नाकारलेल्यांत बहुतेक जण जुन्या युगोस्लाव्हियातून आलेले होते. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशी मतदानं घटनाबाह्य ठरवली. कारण न सांगता गावानं "हा नको" म्हणण्यापेक्षा ३३ प्रश्नांचा पेपर केव्हाही बरा. तिथे निदान आपण कशात नापास झालो ते कळतं.

शॅम्पू कोणी आणला?

खरी अडचण पेपरात काय विचारतात तिथे सुरू होते.

ब्रिटनमधली परीक्षा ज्यांच्या समितीच्या शिफारशीवरून आली ते बर्नार्ड क्रिक हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. नव्यानं आलेल्या माणसाला रोजच्या जगण्याला लागणारी माहिती मिळावी, असा त्यांचा रोख होता. मार्च २०१३ मध्ये पुस्तिका बदलली. इतिहास, राजेराण्या, लढाया, लेखक, खेळाडू यांचा भरणा झाला आणि व्यवहाराची माहिती मागे पडली.

या पुस्तिकेत एका मुसलमान माणसाचीही गोष्ट आहे. शेख दीन मुहम्मद. १७५९ चा जन्म, बंगालच्या फौजेत नोकरी, पुढे विलायतेला, १७८६ मध्ये जेन डेली या आयरिश मुलीशी लग्न. १८१० मध्ये त्यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. ब्रिटनमधलं पहिलं भारतीय जेवणाचं हॉटेल ते हेच. चंपीवरून आलेला 'शॅम्पू' तिकडे रुजवला तोही यांनीच. आपल्याला वाचून अभिमान वाटतो. पण हे हॉटेल कोणत्या साली आणि कोणत्या रस्त्यावर निघालं हे ठाऊक नसलेला माणूस वाईट नागरिक होतो का?

डरहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक थॉम ब्रुक्स मूळ अमेरिकेचे. ही परीक्षा देऊनच ते ब्रिटिश नागरिक झाले. २०१३ च्या आपल्या अहवालात त्यांनी दाखवून दिलं की पुस्तिकेत शेकडो तारखा आणि नावं आहेत, पण रुग्णवाहिका कोणत्या नंबरवर बोलवायची यासारख्या गरजेच्या गोष्टी गळाल्या आहेत. पुढे २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीनंही या परीक्षेवर कडक टीका केली आणि ती नव्यानं आखावी असं सांगितलं.

ऑस्ट्रेलियाच्या २००७ मधल्या पहिल्या पुस्तिकेत डॉन ब्रॅडमनसुद्धा होते. भूमच्या मैदानावर टेनिस बॉलनं खेळणारी पोरं त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवतील. पण अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेल्या बाईनं ब्रॅडमन का पाठ करावा? पुढच्या वर्षीच सरकारनं या परीक्षेचा आढावा घेतला आणि भर नागरिकाच्या हक्क-कर्तव्यांवर देण्याचं ठरलं.

एक प्रश्न उलटाही विचारायला हवा. जे जन्मानं नागरिक आहेत त्यांना तरी हे येतं का? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वुड्रो विल्सन फाउंडेशननं सर्वसामान्य अमेरिकनांना नागरिकत्वाच्या परीक्षेतले प्रश्न विचारून पाहिले. पास होऊ शकले तिघांपैकी जेमतेम एक. घरच्या माणसाला जे येत नाही ते पाहुण्यानं तोंडपाठ केलंच पाहिजे, असा हा प्रकार. आपणही स्वतःला विचारून पाहावं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत किती भाषा आहेत, हे किती जण न अडखळता सांगतील?

हा प्रकार आला कुठून?

परीक्षेच्या नावाखाली माणसं अडवण्याचा इतिहास जुना आहे आणि त्यात आपलीच माणसं अडकली होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत भारतीय व्यापारी, त्यातही गुजराती मुसलमान, जम बसवत होते. गोऱ्यांना ते खुपत होतं. दादा अब्दुल्ला यांच्या कंपनीची 'कूरलँड' आणि तिच्यासोबत 'नादेरी' ही जहाजं भारतीय प्रवासी घेऊन डिसेंबर १८९६ मध्ये डर्बनला पोचली. मोहनदास गांधी त्यातच होते. साथीच्या रोगाचं कारण सांगून जहाजं जवळजवळ महिनाभर अडकवली आणि १३ जानेवारी १८९७ ला गांधी उतरले तेव्हा जमावानं त्यांच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी नाताळनं कायदा केला. त्यात 'भारतीयांना बंदी' असं कुठेही लिहिलं नाही. एवढंच म्हटलं की येणाऱ्यानं ठरावीक अर्ज युरोपीय भाषेत लिहून दाखवावा. ब्रिटिश वसाहत मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी ही युक्ती इतर वसाहतींनाही सुचवली. रंगाचं नाव न घेता रंगावरून माणसं वगळण्याची सोय झाली होती.

केप वसाहतीनं १९०२ मध्ये तसाच कायदा केला. इथे गोष्ट महाराष्ट्राच्या दारात येते. केपटाऊनमध्ये रत्नागिरी, कुलाबा, जंजिरा भागातून गेलेले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येनं होते. कोणी दुकान चालवायचं, कोणी मजुरी करायचं, आणि गावाकडे येऊन-जाऊन असायचं. घरात कोकणी, हिशेबाला मराठी किंवा उर्दू. यातली कोणतीही लिपी बंदरावरच्या अधिकाऱ्याला चालत नव्हती. त्याच बंदरावर पूर्व युरोपातून यहुदी येत होते. त्यांची यिडिश भाषा हिब्रू अक्षरांत लिहिली जाते, त्यामुळे तीही अडत होती. यहुदी नेत्यांनी पाठपुरावा केला आणि १९०६ च्या कायद्यात यिडिशला युरोपीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. मराठी, उर्दू, गुजराती बाहेरच राहिल्या. लिहिता येणं महत्त्वाचं असतं तर मोडीत वह्या लिहिणारा दुकानदारही पास झाला असता.

ऑस्ट्रेलियानं तर कमाल केली. १९०१ च्या कायद्यात पन्नास शब्दांचं श्रुतलेखन होतं. ते कोणत्या युरोपीय भाषेत घ्यायचं हे अधिकारी ठरवणार. इंग्रजी येत असेल तर फ्रेंच, फ्रेंच येत असेल तर आणखी काही. १९०९ नंतर ही परीक्षा एकही माणूस पास झाला नाही, कारण ती पास होण्यासाठी नव्हतीच. १९३४ मध्ये एगॉन किश या पत्रकाराला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं. तिथल्या उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. ही परीक्षा रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावं लागलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही काळ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवायला साक्षरतेच्या परीक्षा वापरल्या गेल्या. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं त्यांना चाप बसला.

मुसलमानांसाठी वेगळे प्रश्न

"हे सगळं जुनं झालं" असं कोणी म्हणेल. तसं नाही.

जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात १ जानेवारी २००६ पासून अधिकाऱ्यांना ३० प्रश्नांची एक यादी दिली गेली. ती सगळ्या अर्जदारांसाठी नव्हती. रोख होता मुस्लिम देशांतून आलेल्यांवर. बायको-मुलीच्या कपड्यांबद्दल तुमचं मत काय, मुलगा समलिंगी निघाला तर काय कराल, अमेरिकेवरचा हल्ला करणारे तुमच्या मते कोण होते, असे ते प्रश्न. ही माहितीची परीक्षा नव्हती, मनाची झडती होती. लोक तिला उघडच 'मुस्लिम टेस्ट' म्हणू लागले. २०११ मध्ये राज्यातलं सरकार बदललं आणि ती बंद झाली.

नेदरलँड्सनं मार्च २००६ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे यायचं असेल तर देशात पाय ठेवण्याआधीच, आपल्या देशातल्या डच दूतावासात, डच भाषेची आणि समाजाची परीक्षा द्यायची. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांच्या नागरिकांना मात्र ती माफ. मोरोक्को आणि तुर्कस्तानच्या सुनांना द्यावीच लागणार. २००८ मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'नं या भेदभावावर बोट ठेवलं. जुलै २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला तो समतोल आहे. परीक्षा ठेवायला हरकत नाही, पण तिच्यामुळे कुटुंब एकत्र येणं अशक्य किंवा फार अवघड होता कामा नये. अर्जदाराचं वय, शिक्षण, तब्येत, पैशाची ऐपत पाहिली पाहिजे. परीक्षेची ३५० युरो फी आणि अभ्याससाहित्याचे ११० युरो न्यायालयाला जास्त वाटले.

डेन्मार्कमध्ये २०१९ पासून नागरिकत्वाच्या समारंभात अधिकाऱ्याशी हस्तांदोलन सक्तीचं झालं. परपुरुषाशी किंवा परस्त्रीशी हात न मिळवणाऱ्या धार्मिक मुसलमानांसाठीच हा नियम आणला, हे तिथल्या राजकारण्यांनी फारसं लपवलंही नाही. पेपर पास झाला, भाषा आली, कर भरला, तरी शेवटी हात पुढे करण्यावर अडलं.

नापास कोण होतं?

आयटी कंपनीतल्या इंजिनिअरला ही परीक्षा म्हणजे दोन संध्याकाळचा अभ्यास. अडतं ते शाळा कमी झालेल्या माणसाचं. आपल्याच घरातलं बघा. ज्या आईनं उभं आयुष्य घर सांभाळलं, जिला कुरआन शरीफ वाचता येतं, उर्दू किंवा मराठीत सही करता येते, पण इंग्रजी वाक्य कधी लिहिलं नाही, तिचं काय? ती अडाणी नाही. तिची विद्या त्या पेपरात बसत नाही एवढंच.

काही देशांनी याचा विचार केला आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डावर २० वर्षं राहिलेल्या पन्नाशीपुढच्या आणि १५ वर्षं राहिलेल्या पंचावन्नपुढच्या माणसाला इंग्रजी माफ आहे. तो दुभाषा घेऊन आपल्या भाषेत उत्तरं देऊ शकतो. ६५ वर्षांपुढच्या आणि २० वर्षं राहिलेल्यांना फक्त २० प्रश्नांची छोटी यादी असते. ब्रिटननं मात्र उलटी वाट धरली. इंग्रजी कच्चं असणाऱ्याला आधी परीक्षेऐवजी भाषा आणि नागरिकत्वाचा वर्ग पूर्ण करता येत होता. ऑक्टोबर २०१३ पासून ती सोय बंद झाली. वर्ग गेला, पेपर राहिला.

भारतात काय आहे?

भारतात अशी लेखी परीक्षा नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार परदेशी माणसाला नागरिक होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक नोंदणीचा, कलम ५. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या आणि सात वर्षं इथे राहिलेल्या व्यक्तीला या मार्गानं अर्ज करता येतो. यात भाषेची अट नाही. दुसरा देशीयकरणाचा, कलम ६. त्याच्या अटी तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्यापूर्वीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षं भारतात वास्तव्य, चांगलं चारित्र्य आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीचं पुरेसं ज्ञान. त्यात मराठी आहे, उर्दू आहे, कोकणी आहे. हिंदीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, ही मोठी गोष्ट. विज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती अशा क्षेत्रांत विशेष सेवा केलेल्याला केंद्र सरकार या अटींतून सूट देऊ शकतं. गायक अदनान सामी यांना १ जानेवारी २०१६ पासून नागरिकत्व मिळालं ते कलम ६ खालीच.

२०१९ च्या दुरुस्तीनं, म्हणजे सीएएनं, पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आणली. मुसलमान त्या यादीत नाहीत. ११ मार्च २०२४ ला तिचे नियम जाहीर झाले. म्हणजे भाषेची अट सर्वांना सारखी, पण वाट पाहण्याची वर्षं धर्म पाहून.

आपल्याकडची खरी धास्ती पेपराची नाही, कागदाची आहे. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची अंतिम यादी आली तेव्हा १९,०६,६५७ लोक बाहेर राहिले. तिथे कोणी इतिहास विचारला नाही, आजोबांचा कागद विचारला. माहितीच्या परीक्षेचा निदान अभ्यास करता येतो. पुरात वाहून गेलेल्या दाखल्याचा अभ्यास कसा करणार?

आणि बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून चालणार नाही. २०१६ मध्ये आपल्या राज्य सरकारनं रिक्षा परवान्यासाठी मराठी येण्याची सक्ती केली होती. मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. मराठी यावी ही इच्छा चुकीची नाही. पण शिकवायची सोय न करता पोटाच्या धंद्यावर परीक्षा लावली की तीही चाळणीच होते.

मराठवाड्याला हे नवं नाही

निजामाच्या काळात आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. इथला बहुसंख्य शेतकरी मराठी बोलणारा. कचेरीतला कागद त्याला वाचता येत नव्हता, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला त्याच काळातली दप्तरं निघाली, तेव्हा चित्र उलटं होतं. कागद उर्दूत आणि मोडीत, आणि ते वाचणारे शोधावे लागत होते. सरकारची भाषा बदलली की कालचा शहाणा आज अडाणी ठरतो, हे आपल्या मातीनं दोनदा पाहिलं आहे.

यातून एक मोठी गोष्टही आठवायला हवी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. कलम ५ नं विचारलं ते एवढंच की तुमचा अधिवास इथे आहे का, आणि तुम्ही किंवा तुमचे आईवडील इथे जन्मले का, किंवा तुम्ही पाच वर्षं इथे राहिलात का. कोणी वाचून दाखवायला सांगितलं नाही. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते शंभरातले अठरा. इंग्रजांच्या काळात मतदानाला मालमत्तेची आणि शिक्षणाची अट होती. घटनाकारांनी ती फेकून दिली. वाचता न येणाऱ्याला मत देता यावं म्हणून पेटीवर चिन्हं लावली. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या पहिल्या निवडणुकीत इथल्या हिंदू-मुसलमान, बाया-बापड्या सगळ्यांनी एकाच हक्कानं मत दिलं. नागरिक आधी, शिक्षण नंतर, आणि शिक्षणाची जबाबदारी सरकारची, असा तो हिशेब होता.

न्याय्य परीक्षा कशी ओळखायची?

आपल्याकडे इल्म हासिल करणं फर्ज मानलं जातं. म्हणून शिकण्याला विरोध असण्याचं कारण नाही. विरोध आहे तो शिकू न देता नापास करण्याला. कोणत्याही देशाच्या परीक्षेला पुढचे प्रश्न लावून पाहावेत :

- सगळे प्रश्न आणि अभ्यासाचं पुस्तक आधी, फुकट आणि सोप्या भाषेत मिळतं का?
- विचारलेलं ज्ञान तिथे जगायला, मत द्यायला, हक्क मागायला उपयोगी पडतं का?
- सगळ्या देशांच्या आणि धर्मांच्या लोकांना एकच पेपर आहे का?
- वय, आजारपण, कमी शिक्षण यांसाठी सूट किंवा वर्गाचा पर्याय आहे का?
- फी गरिबाला परवडते का आणि पुन्हा बसता येतं का?
- प्रश्न माहितीचे आहेत की मनातल्या श्रद्धेचे?

जर्मनीचा आजचा ३३ प्रश्नांचा पेपर यातल्या बऱ्याच कसोट्यांना उतरतो. त्याच देशातली २००६ ची यादी जवळजवळ कशालाच उतरत नाही. परीक्षा हवी की नको, यापेक्षा ती कशी आहे आणि नापास झालेल्याचं पुढे काय होतं, हे विचारणं जास्त कामाचं आहे. निष्ठा मात्र कुठल्याच पेपरात मोजता येत नाही. खोटं बोलणारा माणूस सगळी उत्तरं बरोबर देऊ शकतो आणि प्रामाणिक माणूस तारखेत चुकू शकतो.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

परदेशी जाणाऱ्या सुनेला किंवा मुलीला व्हिसाच्या आधीच त्या देशाच्या भाषेचा वर्ग लावून द्या. लग्नातल्या खर्चातला थोडा भाग इकडे वळवला तरी पुरे. अभ्यासाची पुस्तिका त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. "पास करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. दुसऱ्याला बसवणं हा गुन्हा आहे आणि पकडलं गेलं तर अर्जच नाही, तिथलं राहणंही धोक्यात येतं. वयाची किंवा आजाराची सूट लागू होते का ते अर्जाआधी तपासा.

आणि हे विसरू नका की भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. येण्या-जाण्यासाठी ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा परीक्षेच्या तारखेआधी घरात बसून शांतपणे बोला. तिकडचे वीस प्रश्न तर पाठ होतीलच. पण त्याआधी इकडचं काय सोडतोय, याचं उत्तर घरात सगळ्यांनी मिळून द्यायचं असतं.